दूध आईचे, सल्ले साऱ्या गल्लीचे

बाळंतीण दवाखान्यातून घरी येते. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. त्यात सासूबाई, आत्या, शेजारच्या दोन मावश्या, दारात उभी राहिलेली एक आजी. बाळ रडते. एक म्हणते, भूक आहे, दूध पुरत नाही. दुसरी म्हणते, पोटात वायू धरलाय, हिने काल वांगे खाल्ले. तिसरी म्हणते, थोडे मधाचे बोट चाटव. चौथी म्हणते, माझ्या नातवाला तर पावडरच दिली, बघ कसा गुटगुटीत झालाय. मधे ती पोर बसलेली असते. टाके दुखतायत, तीन रात्रींची झोप नाही, छाती दगडासारखी झाली आहे, आणि पदराआड बसून रडायलाही जागा नाही.

वस्तीत घरोघर फिरताना हे चित्र आम्ही दर आठवड्याला पाहतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. अंगावरचे दूध कसे येते, कसे टिकते, आणि घरातल्या प्रेमाच्या माणसांचा नको असलेला सल्ला कसा पेलायचा. हे पान सुनेने वाचावे, पण सासूने आणि नवऱ्याने आधी वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आमच्यावर आलेली वेळ

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला. पुढे बरीच वर्षे प्रसूती वॉर्डात काढली. रोज नव्या आयांना बाळ कसे धरायचे, कसे पाजायचे ते शिकवले. पण आमच्या स्वतःच्या पहिल्या बाळाच्या वेळी काय झाले, ते आज लिहून टाकतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाळ फार रडले. तासभर पाजले, तरी रडत होते. आमच्या चुलत सासूबाईंनी बाटली आणवली. बाळ चार घोट प्याले आणि झोपले. "बघ," त्या म्हणाल्या, "दूधच नव्हते तुला." आम्हाला सगळे माहीत होते. आदल्याच महिन्यात वॉर्डात आम्ही दुसऱ्यांना याच्या उलट सांगत होतो. तरी आम्ही गप्प बसलो. सांगणारी मोठी बाई, घर त्यांचे, आणि अंगात बोलायची ताकद नव्हती. एक बाटली दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. दीड महिन्यात दूध आटले. दुसऱ्या महिन्यात बाळाला जुलाब लागले आणि चार दिवस सलाईनवर ठेवावे लागले. बाळ वाचले. पण त्या चार रात्री आम्ही विसरलेलो नाही.

त्या सासूबाई वाईट नव्हत्या. दवाखान्यात चारही रात्री फरशीवर त्याच झोपल्या. म्हणून आम्ही म्हणतो, इथे भांडण माणसाशी नाही. चुकीच्या समजुतीशी आहे. आणि डिप्लोमा असलेली बाई गप्प बसते, तर सतरा वर्षे शाळेचे तोंड न पाहिलेली किंवा दहावी झालेली पोर गप्प बसली, तर तिला दोष कसा द्यायचा?

दूध येते कसे

आडातून पाणी शेंदले की झऱ्यातून नवे पाणी येते. दुधाचे तसेच आहे. बाळ ओढते, तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो. एका निरोपाने दूध तयार होते, दुसऱ्याने तयार दूध बाहेर सुटते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. स्तन जितक्या वेळा रिकामा होईल, तितके नवे दूध बनते. भरलेला राहिला तर शरीर समजते, आता गरज नाही. मग ते दूध कमी करते.

आता बाटलीचे गणित पाहा. बाळाला वरचे दूध दिले. पोट भरले, बाळ तीन-चार तास झोपले. तेवढ्या वेळात ते अंगावर ओढणार नाही. ओढले नाही म्हणून दूध कमी बनले. कमी बनले म्हणून बाळ पुन्हा रडले. घरचे म्हणाले, "म्हटलं नव्हतं, हिला दूधच नाही?" आणि दुसरी बाटली आली. दूध नव्हते म्हणून बाटली आली असे सगळ्यांना वाटते. बहुतेक घरांत बाटली आली म्हणून दूध गेलेले असते.

शिवाय बाटलीची चोखणी चोखणे सोपे, आपोआप तोंडात गळते. अंगावर ओढायला बाळाला कष्ट पडतात. चोखणीची सवय लागलेले बाळ मग अंगावर धरत नाही, तोंड फिरवते, आणि "बाळालाच आईचे दूध आवडत नाही" अशी चर्चा गल्लीत सुरू होते.

छाती लहान म्हणजे दूध कमी, हेही खरे नाही. स्तनाचा आकार चरबीवर ठरतो. दूध बनवणाऱ्या ग्रंथी लहान छातीतही पुरेशा असतात.

पहिले तीन दिवस

बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत छातीला लावावे. सिझेरियन झाले असेल तरी शुद्ध आल्यावर, नर्सच्या मदतीने, लवकरात लवकर. पहिल्या दोन-तीन दिवसांत येते तो चीक. दाट, पिवळसर, थेंबथेंब. जुन्या बायका म्हणत, हे खराब दूध, पिळून टाक. टाकू नका. त्या थेंबांत रोगाशी लढायची ताकद भरलेली असते. बाळाची ती पहिली लसच म्हणा.

"एवढ्या थेंबाने काय होणार?" असे विचारतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा एक चमचाभरच मावते. थेंब त्या पोटाला पुरतात. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. सिझेरियनमध्ये एखादा दिवस उशीर होऊ शकतो. तोवर बाळाला वारंवार छातीला लावणे हाच दूध उतरण्याचा उपाय. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते. या मधल्या उताराला घाबरून डबा आणू नका. वजन मात्र करून घ्या.

रडले म्हणजे भूक, हे नेहमी खरे नाही

बाळ ओले झाले म्हणून रडते, उकडते म्हणून रडते, आईच्या कुशीसाठी रडते. संध्याकाळच्या वेळी बरीच बाळे कारणाशिवाय रडतात, आणि तासन्‌तास अंगावरून हटत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ अचानक जास्त मागते. ते वाढीचे दिवस असतात. बाळ जास्त ओढून पुढच्या दिवसांच्या दुधाची मागणी नोंदवत असते. आमच्या घरची ती आठव्या दिवसाची संध्याकाळही तशीच होती. पण त्या वेळी कुणी थांबले नाही.

मग दूध पुरते की नाही, हे ओळखायचे कसे? अंदाजाने नाही, मोजून.

१) लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली, आणि लघवी फिकट असली, तर दूध पुरते आहे. भिंतीवर खडूने रेघा मारा. सल्ला द्यायला आलेल्या मावशींना त्या रेघा दाखवता येतात.

२) वजन पाहा. दोन आठवड्यांनंतर आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढले पाहिजे. वजनकाटा अंगणवाडीत असतो, आशाताईंकडे असतो. आशाताईंनी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी येऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायचे असते. त्या आल्या नाहीत तर निरोप पाठवून बोलवा. ते आपल्या हक्काचे आहे.

३) किती वेळा पाजले ते पाहा. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते. रात्रीही. रात्रीच्या पाजण्याने दूध चांगले वाढते.

एक स्तन पूर्ण रिकामा होऊ द्या, मग दुसरा द्या. सुरुवातीचे दूध पातळ, निळसर दिसते. ते बाळाची तहान भागवते. शेवटचे दूध दाट असते, त्याने पोट भरते आणि वजन वाढते. "हिचे दूध पाण्यासारखे आहे" असे म्हणणाऱ्यांनी फक्त सुरुवातीचे थेंब पाहिलेले असतात.

धरायचे कसे

दूध कमी पडण्याच्या, कातरे पडण्याच्या, गाठी होण्याच्या निम्म्या तक्रारी बाळ नीट न धरल्याने होतात. आई भिंतीला टेकून आरामात बसावी. बाळाचे डोके, पाठ, कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला चिकटलेले. बाळाला स्तनाकडे आणा, आई बाळावर वाकू नये. बाळाने तोंड मोठे उघडले की मगच लावा. नुसते टोक तोंडात देऊ नका, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि गिळल्याचा आवाज ऐकू येणारा, असे असेल तर बरोबर. सतत दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा, पुन्हा लावा.

टोकाला चिरा पडल्या तर शेवटचे दाट दूध त्यावर लावून वाळू द्या. साबणाने घासू नका. छाती दगडासारखी झाली तर ओल्या कोमट फडक्याने शेका, हाताने थोडे दूध काढा, मग बाळाला लावा. पाजून झाल्यावर गार फडके ठेवा. गाठ लाल झाली, थंडी वाजून ताप आला, तर दवाखाना. पण तरीही त्या बाजूने पाजणे थांबवू नका. थांबवले तर दूध साठून त्रास वाढतो.

घरोघरचे सल्ले आणि खरे काय

*"मधाचे बोट चाटव, जीभ गोड होईल."* नको. मधात असे जंतू असू शकतात, ज्यांचे विष लहान बाळाचे स्नायू लुळे पाडते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. आपण पाचवीची सटवाई सोडली. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेने नामकरण विधी आपण वंदना घेऊन करतो. मग मधाचे बोट तेवढे का मागे ठेवायचे?

*"उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज."* आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. पत्र्याच्या तापलेल्या घरातही सहा महिन्यांपर्यंत पाणी लागत नाही. तहान वाटली तर जास्त वेळा पाजा. पाणी आईने प्यावे.

*"बाळगुटी उगाळून दे, ग्राइप वॉटर दे."* सहाणेवर किती उगाळले याला माप नाही, सहाण किती स्वच्छ याची खात्री नाही. पहिले सहा महिने आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध. तिसरे काही नाही.

*"पोट सुटेल, पाणी कमी पी. भात खाऊ नको, डाळ वायू करते."* याने आई अशक्त होते. पाजणाऱ्या बाईला गरोदरपणापेक्षाही जास्त अन्न लागते. भाकरी, वरण, पालेभाजी, अंडे, मासे, मटण, जे परवडते ते पोटभर खावे. शेपू, मेथी, अळीव, डिंकाचे लाडू जरूर खा, आजीच्या हातचे असतील तर आणखी चांगले. पण त्यांच्या जागी भाकरी बंद करू नका. आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका. मिश्री आणि तंबाखू मात्र सोडा, ते दुधातून बाळाला जाते.

*"तुला सर्दी-ताप आहे, पाजू नकोस."* साध्या सर्दी-तापात पाजणे चालू ठेवा, तोंडाला फडके बांधा. आईचे शरीर त्या आजाराशी लढायला जे तयार करते, ते दुधातून बाळालाही मिळते. क्षयरोग, एचआयव्ही किंवा कायमची औषधे चालू असतील, तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, उपचार देणाऱ्या केंद्रात विचारा.

*"नजर लागली, म्हणून दूध आटले."* नजरेने दूध आटत नाही. पण भीती, अपमान, दुखणे याने पान्हा थोडा वेळ अडतो, हे खरे. दूध छातीत असते, सुटत नाही. तेव्हा मीठ-मिरच्या ओवाळण्यापेक्षा घरातली बोलणी थांबवा, बाळाला आईच्या उघड्या छातीवर पालथे झोपवा. पान्हा परत येतो.

*"मुलगीच तर आहे, लवकर तोड. पुढच्या वेळी मुलगा होईल."* हे वाक्य आम्ही आपल्याच वस्तीत, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात ऐकले आहे. मुलगी असो वा मुलगा, सहा महिने फक्त अंगावरचे दूध, नंतर वरच्या जेवणाबरोबर दोन वर्षे किंवा पुढेही. घरात समता आणायची, तर ती पहिल्या घोटापासून आणावी लागेल.

डब्याचे दूध

आम्ही डब्याला शिव्या देत नाही. क्वचित खरेच दूध कमी पडते, एखादी आई फार आजारी असते, बाळ कमी दिवसांचे असते. तेव्हा डॉक्टर सांगतील तसे वरचे दूध द्यावे लागते, आणि त्यात आईचा काहीही गुन्हा नाही. अशा बाळांसाठीच १९८९ साली मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. धारावीच्या शेजारच्या या दवाखान्यात एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या बाळाला जगवते.

पण आपल्या वस्तीत डब्याचे काय होते ते डोळ्यांनी पाहिले आहे. डबा महाग. आठवडाभर जायचा तो पंधरा दिवस पुरवायचा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. बाळाचे पोट पाण्याने फुगते, अंग धरत नाही. नळाला पाणी तासभर, बाटली उकळायला गॅस नाही, चोखणीत कालचे दूध चिकटलेले. मग जुलाब, मग सलाईन. वरचे दूध द्यावेच लागले तर बाटली नको. उकळलेली स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. जुन्या बोंडल्याच्या चोचीतही घाण अडकते, त्यापेक्षा वाटी बरी.

आणखी एक. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, हे १९९२ च्या कायद्याने बंद आहे. २००३ साली तो आणखी कडक झाला. कुणी डब्याची चिठ्ठी कारण न सांगता हातात दिली, तर विचारा, "का? वजन किती कमी आहे? अंगावर धरताना तुम्ही पाहिले का?" विचारणे हा उद्धटपणा नाही.

आजीचा सल्ला आला कुठून

हे समजून घेतले की राग निम्मा होतो. आपल्या आज्या, पणज्या बाळंतपणानंतर महिनाभर खाटेवर बसल्या नाहीत. कुणी बाराव्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली, कुणी वीटभट्टीवर, कुणी रस्त्याच्या खडीवर. बाळ झोळीत टाकून जायचे, तर त्याला गुटी, पेज, पाणी घातलेले दूध देऊनच जावे लागे. मुंबईच्या गिरण्यांत खाडा केला की पगार कापला जाई. बाळ पाळीभर झोपून राहावे म्हणून अनेक आया त्याला अफूची बाळागोळी देत. ते अडाणीपण नव्हते, लाचारी होती. लाचारीत केलेली तडजोड पुढे रीत झाली आणि रीत म्हणून सुनेपर्यंत आली.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. म्हणजे आईला बाळाजवळ बसू देणे हा आपल्याकडे घरगुती प्रश्न कधीच नव्हता. तो हक्काचा प्रश्न होता.

आणि तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचे असेल तर घ्या. आजीची तेलाची मालीश हळुवार आहे, घ्या. आजीचे अळीव चांगले आहेत, घ्या. आजीची मधाची बाटली बाजूला ठेवा.

बोलायचे कसे

भांडून दूध वाढत नाही. आम्ही सुनांना काही साधी वाक्ये पाठ करून देतो.

"आत्या, तुम्ही म्हणता ते मी ऐकलं. बाळाने आज सात लंगोट ओले केले, म्हणजे पोट भरतंय."

"मावशी, डॉक्टरांनी सहा महिने काही द्यायचं नाही सांगितलंय. शुक्रवारी वजन आहे, तुम्ही पण चला ना माझ्याबरोबर."

"आई, मला बाटलीपेक्षा तुमचीच मदत लागते. मी पाजते, तुम्ही तेवढं धुणं बघाल?"

शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. सल्ला देणाऱ्या बाईला बहुतेक वेळा मदतच करायची असते, कशी करायची ते सुचत नाही. तिला काम सांगा. ढेकर काढायला बाळ तिच्या खांद्यावर द्या. आशाताई येतील तेव्हा सासूबाईंना समोर बसवा, म्हणजे सांगणारी सून राहत नाही.

आता नवरेमंडळींना. दादा, दूध तुम्हाला पाजता येत नाही, पण दाराशी उभे राहता येते. पाहुण्यांनी खोली भरली की "तिला आता पाजायचंय, आपण बाहेर बसू" हे वाक्य तुम्ही म्हणायचे. तुमच्या आईशी तुम्ही बोलायचे, बायकोला पुढे करायचे नाही. रात्री बाळाचे लंगोट तुम्ही बदलायचे, सकाळी पाण्याचा हंडा तुम्ही भरायचा. बायकोच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला आहे का, एवढे तरी रोज बघा.

आणि बाळंतिणीला. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येते, ते बहुतेक वेळा आपोआप जाते. दोन आठवडे होऊनही मन उठत नसेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. घरातल्या एका माणसाला सांगा. १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

कामावर परतताना

कायद्याने नोंदणीकृत आस्थापनेत नोकरी करणाऱ्या पात्र बाईला पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजायची सुट्टी. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर उभे राहणाऱ्या आपल्या बहिणींच्या हाती यातले काही येत नाही. ही लढाई बाकी आहे. तोवर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून नक्की भरा. अटीत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळासाठी पाच हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये मिळतात.

कामावर जाण्याआधी हाताने दूध काढायला शिका. हात साबणाने धुवा. उकळलेली वाटी घ्या. अंगठा आणि बोट टोकाच्या साधारण इंचभर मागे ठेवून आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे. टोक ओढू नका. सुरुवातीला चार थेंब येतील, आठवड्याने वाटी भरेल. झाकलेली वाटी माठाजवळ, थंड जागी ठेवा आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजा. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ते गरम करू नका, उरलेले परत ठेवू नका. निघताना पोटभर पाजून जा, आल्याबरोबर आधी बाळाला घ्या, स्वयंपाक नंतर.

हे दिसले तर सल्ला नको, दवाखाना

बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही. अंग गार पडले किंवा तापले. श्वास भराभर चालतो, बरगड्या आत ओढल्या जातात. झटका आला. पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला, किंवा जन्मल्यावर चोवीस तासांतच दिसला. दिवसभरात लघवी फारच कमी झाली. दोन आठवड्यांनंतरही वजन जन्माइतके झाले नाही. यातले एक जरी दिसले, तरी शेजारणीला विचारत बसू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळाची ने-आण आणि उपचार मोफत आहेत. वाटेतही पाजत राहा, बाळ छातीशी उघड्या अंगाला धरून न्या.

आमचे दुसरे बाळ झाले, तेव्हा त्याच चुलत सासूबाई आल्या होत्या. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात खडू दिला आणि म्हटले, "काकू, लंगोट तुम्ही मोजायचे." संध्याकाळी बाळ रडले की त्या भिंतीकडे बघायच्या आणि आलेल्या बायकांना सांगायच्या, "रडू दे गं, आज आठ रेघा झाल्यात."

नमो बुद्धाय, जय भीम.